खाचर म्हणायचं, वावर नाही

जपानच्या डोंगरातल्या आमच्या कुरोतानी वाडीत झाडून सगळ्यांचं आडनाव होशी. त्यामुळे इथे आडनाव कुणी विचारत नाही, घराच्या नावावरून माणूस ओळखतात. मी खालच्या घरची नोबु. माझ्या वर, डोंगरातला पाट जिथून वाडीत शिरतो तिथलं पहिलं घर पाटावरच्यांचं. त्या घरची किनुएताई. तिची गोष्ट सांगायला बसले आहे खरी, पण शांतपणे सांगेन असं नाही. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

किनुएताईकडे धड म्हणावा असा जमिनीचा एकच तुकडा. तिच्या घराच्या खाली, माझ्या वांग्यांच्या वर. ती लग्न होऊन आली तेव्हा ते भाताचं खाचर होतं, आणि पाटाचं पहिलं पाणी त्याचं. तिचे यजमान सोहेई भाऊजी लावणी झाली की बांधावर उकिडवे बसायचे, सिगरेट पेटवायचे आणि नुसते पाण्याकडे बघत राहायचे. बोलणं फार नव्हतंच त्यांचं. ताई म्हणायची, "माझ्याशी एवढं बोलले असते तर चार पोरं जास्त झाली असती."

मग सरकारला साक्षात्कार झाला की देशात तांदूळ उतू चाललाय. भात लावू नका, दुसरं काहीही लावा, त्याची मदत आम्ही देऊ. बरं, नुसतं सांगून गप्प बसले का? छे! अट अशी घातली की वाडीतल्या एकाही घरानं ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त भात लावला तर सगळ्या वाडीची मदत बंद. म्हणजे पोलीस नको, शिपाई नको, शेजारीच शेजाऱ्याचा पहारेकरी. भाऊजी म्हणाले, मी लावणार. आणि लावला. भात दाण्यात दूध भरण्यापर्यंत आला, तेव्हा वाडीतली जाणती माणसं एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेली आणि चटईवर कपाळ टेकवून बसली. माझे सासरेही त्यांत होते. शिव्या देणाऱ्याला शिव्या देता येतात हो, पण वाकलेल्या म्हाताऱ्यांना माणूस काय उत्तर देणार?

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी उभा हिरवा भात कापला. ताई मागून पेंढ्या उचलत होती. मी तेव्हा नवी नवरी, खालून बघत होते. "दाणा दाबला की दूध यायचं गं," हे ताई अजून सांगते, आणि सांगताना चिमूट करून दाखवते.

पुढे सरकारी यंत्र आलं. खाचराचा घट्ट तळ फोडला, खाली पाइप पुरले, म्हणजे पाणी झटझट निघून जाईल. पिढ्यान् पिढ्या तुडवून तुडवून पाणी धरायला तयार केलेली जमीन दोन दिवसांत चाळणी करून टाकली. भाऊजींनी तिथे कुट्टू पेरला, कोरड्या जमिनीत येणारं काळं तिकोनी धान्य. पांढरी फुलं आली, लोक म्हणाले, वा, काय सुंदर. भाऊजी त्या बांधावर पुन्हा कधी बसले नाहीत. घरातही त्या दिवसापासून त्या तुकड्याला खाचर म्हणणं बंद झालं. ताई म्हणायला लागली, वावर. "वावरात जाऊन येते गं." आमच्याकडे या दोन शब्दांत गल्लत कुणी करत नाही. पाणी उभं राहतं ते खाचर, कोरडं ते वावर. दुधपितं पोरही चुकत नाही.

भाऊजी गेले आणि ताईनं तो कुट्टू मनावर घेतला. आम्ही पाचसहा बायकांनी बंद पडलेल्या शाळेत भटारखाना मांडला, शरद ऋतूत दर रविवारी कुट्टूच्या ताज्या शेवया, म्हणजे सोबा. सोबत खारवलेला मुळा. शहरातून गाड्या यायच्या, माणसं शाळेच्या पायऱ्यांवर ताटकळत बसायची. पीठ ताईच्या वावरातलं, मळायचा हात ताईचा, आणि तोंडही ताईचंच चालू. कुणी शेवया हळूहळू खाताना दिसला की ओरडायची, "अहो, खाताय की पूजा करताय? लगदा होईल त्याचा!" लोकांना तेही आवडायचं. पण कुट्टूत तसं काही उरत नाही हेही खरं. कापणीचं यंत्र आणायचं तर सरकारी मदतीशिवाय भागत नव्हतं, आणि ती मदत "भाताच्या खाचरात दुसरं पीक" या नावाखाली येत होती. कागदावर ते अजून खाचरच होतं ना.

ताईची नात चिगुसा. शहरात एका दुकानात उभ्यानं काम करून पोरीचे पाय सुजायचे. सुट्टीत यायची ती थेट भटारखान्यात. एका रविवारी पीठ मळता मळता म्हणाली, "आजी, मीच येते इकडे. वावर आणि भटारखाना दोन्ही बघते. फक्त ती मदत माझ्या नावावर होऊ दे, तेवढा आधार हवा." ताई मान खाली घालून पीठ मळत राहिली. पण त्या दिवशी शेवया इतक्या जाड कापल्या की गिऱ्हाईकांनी विचारलं, आज काय झालंय? पाटावरच्या घरात ताईनंतर दिवा लागणार होता, हे झालं होतं. ताईला आयुष्यात आणखी काही नको होतं, एवढंच हवं होतं.

आणि नेमका तेव्हाच नवा नियम आला.

वाडीच्या सभागृहात बैठक झाली. तालुक्याच्या कचेरीतून ओदागिरी नावाचा पोरगेलासा अधिकारी आला. चेहरा असा गरीब की ओरडावं तर आपल्यालाच वाईट वाटावं. आत येताना वाकला, बसताना वाकला, चहा दिला तर चहालाही वाकला. मग म्हणाला, "यापुढे मदत फक्त खऱ्या खाचरांना मिळेल. खाचर खरं आहे हे दाखवायला पाच वर्षांत एकदा तरी त्यात महिनाभर पाणी उभं राहिलं पाहिजे. आणि ज्यांना मदतीवरचं नाव बदलून घ्यायचंय त्यांनी ते आधी करून दाखवायचं."

सभागृहात एकच गलका झाला. ताई उभी राहिली.

"साहेब, एक विचारू? पाणी राहू नये म्हणून पाइप कुणी पुरले?"

"योजनेतून पुरले असतील, आजी."

"म्हणजे तुम्हीच ना?"

"मी तेव्हा जन्मलो नव्हतो."

"मग तुमच्या वडलांना विचारा!"

"तेही लहान असतील."

हसू फुटलं. ओदागिरीही हसला बिचारा. आणि त्या हसण्यात ताई बोलून गेली, "अहो, माझ्या वावरात पाणी थांबतच नाही तर मी उभं कसं करू?"

ओदागिरीचं पेन थांबलं. "वावरात, म्हणालात?"

मी खोकले. माझ्या शेजारची खोकली. बघता बघता सगळी वाडी खोकायला लागली, जशी काही साथच आली. ताईच्या लक्षात आलं. "खाचरात! खाचरात म्हणाले मी. दात नाहीत मला, शब्द घसरतात."

ओदागिरीनं आमच्याकडे बघितलं, पेन खिशात घातलं. माणूस वाईट नव्हता. तोच तर वैताग आहे, की राग काढावा असा माणूस समोर कधी येतच नाही. येतो तो असा, वाकणारा.

त्या दिवसापासून वाडीला खेळच झाला. ताई रस्त्यात दिसली की कुणीही विचारायचं, "काय म्हणायचं ताई?" ताई खेकसायची, "खाचर! खाचर! खाचर! झालं समाधान?" आणि लगेच पुढे, "सरका, वावरात जायचंय मला."

पाणी भरायचं ठरलं. पण वसंतात पाट सगळा खालच्या भातशेतांचा. खरीखुरी खाचरं तहानलेली असताना ताईच्या चाळणीला पाणी कोण देणार, आणि कोणत्या तोंडानं मागायचं? पाळी आली ती लावण्या उरकल्यावर. चिगुसानं नोकरी सोडली आणि आली. पाइपांची तोंडं चिकणमातीनं बुजवली, चिखलणी केली, ताईनं कुदळीनं बांध लिंपला. पाणी सोडलं. संध्याकाळी खाचर भरलेलं, सकाळी रिकामं. पाणी गेलं कुठे? माझ्या वांग्यांत!

मी वर जाऊन तोंड सोडलं. "ताई, तुझं खाचर माझ्या वांग्यांत आलंय!"

"अगं मग साहेबाला सांग, वांग्यांनाही मदत मिळेल."

"थट्टा सुचतेय? मुळं कुजतील माझी."

"तुझी कशी कुजतील, तू अजून दहा वर्षं भांडशील."

शेवटी मीच परकर वर खोचून चिखलात उतरले. तळ धरायचा तर पूर्वी माणसं खांद्याला खांदा लावून तुडवायची, तसंच आम्ही म्हाताऱ्यांनी तुडवायला घेतलं. मागे सरकायचं, टाच दाबायची, मागे सरकायचं. चिगुसा पहिल्याच फेरीत चिखलात सपशेल बसली, ताई हसता हसता वाकली आणि तिच्या कमरेत उसण भरली. दोघींना काढायला आम्ही चौघी. अंग मोडून आलं आम्हा सगळ्यांचं, पण रोज जात राहिलो. कशासाठी? तर कागदावरचा एक शब्द खरा करण्यासाठी. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, या म्हाताऱ्यांना वेड लागलंय. आणि लागलंच होतं.

हळूहळू पाणी थांबायला लागलं. एका संध्याकाळी बेडकं ओरडली. ताई ओसरीत मुळा चिरत होती, तिची सुरी थांबली. "ऐकलंस?" म्हणाली. "कुठून आली गं ही? इतकी वर्षं होती कुठे मेली?" मग डोळे पुसले आणि कांद्यावर खापर फोडलं. समोर होता मुळा.

ओदागिरी आला तेव्हा पाण्यात डोंगर दिसत होता. त्यानं तारखेची पाटी धरून फोटो काढला आणि महिना त्या दिवसापासून मोजायचा म्हणाला. ताईनं आकाशाकडे बघितलं. महिना म्हणजे कुट्टूच्या पेरणीचे दिवस त्यातच जाणार. आमच्याकडे बर्फ लवकर पडतं, कुट्टू उशिरा पेरला तर दाणा भरायच्या आत गारठतो.

"साहेब, थोडे दिवस आधी पाणी काढून टाकलं तर? पेरणीचं काय?"

"आजी, माझ्या हातात असतं तर..." आणि वाकला.

महिनाभर पाणी उभं राहिलं. खाचर सिद्ध झालं. मग बुजवलेले पाइप मोकळे केले, पण तुडवून तुडवून घट्ट केलेली जमीन वाफशावर, म्हणजे पेरण्याजोगी कोरडी, कसली येतेय? पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. ताई रोज जायची, मातीची गोळी करायची, ती फुटते का बघायची, आणि फेकून द्यायची. शेवटी दिवस टळायला आले म्हणून चिगुसानं तशाच ओल्यात पेरलं. ताई तिला अडवून बसली नाही. चार ठिकाणी कोंब वर आले, ते पिवळे पडले. बाकीचं बी आतल्या आत कुजलं. कुजलेल्या कुट्टूचा वास माझ्या अंगणापर्यंत यायचा.

त्या शरदात भटारखाना उघडला नाही. मी म्हटलं, बाहेरचं पीठ आणू, परदेशी मिळतं, कुणाला कळतंय? ताई माझ्यावर अशी धावून आली की मी दोन पावलं मागे. "मला कळतंय ना!" रविवारी गाड्या आल्या, दाराची कडी बघून परत गेल्या. मदतही आली नाही त्या वर्षी. का? तर पीक आलं नाही. खाचर सिद्ध झालं होतं, पण "दुसरं पीक" नव्हतं. हे मला कुणीतरी पुन्हा समजावून सांगा, म्हणजे मी त्याचं डोकं फोडते.

चिगुसानं वाट बघितली. भटारखाना नाही, पीक नाही, मदत नाही, नोकरी सोडलेली. बर्फ पडायच्या आत ती तालुक्याच्या वृद्धाश्रमात कामाला लागली. निघताना म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू, आजी." ताई म्हणाली, "जा, दुसऱ्यांच्या आज्या सांभाळ." टोमणाच होता, पण पोरगी गाडीत बसेपर्यंत ताईनं तिच्या पिशवीची दोरी सोडली नव्हती. वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी हात तसाच, काहीतरी धरल्यासारखा.

आता ऐका. बर्फ वितळायच्या सुमाराला ओदागिरी आला. जोडे काढायच्या जागेत, थंडगार फरशीवर गुडघे टेकून बसला. मी ताईकडे चहाला गेले होते म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"आजी, वरून कळलंय... तो पाणी भरायचा नियम मागे घेतलाय."

ताईच्या हातात किटली होती. ती खाली ठेवली.

"मागे घेतलाय म्हणजे?"

"म्हणजे पाणी भरायची गरज नाही. वावर असलं तरी चालेल. पीक बघून मदत देतील. आणि..." तो आणखी वाकला, "देशात तांदूळ कमी पडतोय. कुणाला भात लावायचा असेल तर कचेरीची हरकत नाही. उलट लावावा असं म्हणणं आहे."

मला वाटलं आता ही किटली फेकणार. मी असते तर फेकली असती, उकळत्या पाण्यासकट. ताईनं त्याच्या टाळूकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्या नातीला सांगितलंस का हे?"

"नाही आजी."

"मग तिला जाऊन सांग. मला काय सांगतोस?"

आणि आतल्या खोलीत गेली. भाऊजींच्या तसबिरीपुढची घंटा वाजली, एकदाच. नंतर बोलण्याचा आवाज यायला लागला. काय बोलत होती ते कळत नव्हतं, पण भांडत होती हे नक्की. ओदागिरी तसाच फरशीवर. मी त्याला म्हटलं, "ऊठ बाबा, गुडघे धरतील." काय करता? आपल्याच पोरासारखा दिसतो मेला.

त्यानं चिगुसाला खरंच फोन केला. पण वृद्धाश्रमात तिला कायम केलं होतं, आणि नियम पुन्हा फिरणार नाही याची हमी तो देऊ शकला नाही. पोरीचं काय चुकलं? मीही नसते आले.

मग लावण्यांचे दिवस आले. एका सकाळी वरून पाण्याचा आवाज आला. बघते तर माझ्या वांग्यांच्या सऱ्या भरलेल्या! तणतणत वर गेले. ताई खाचरात, गुडघाभर चिखलात, कमरेला रोपांची टोपली. कुणाकडून तरी उरलासुरला तरवा मागून आणला होता. एकटी लावत होती, ओळ वाकडी, पाय काढताना दर वेळी कमरेला हात.

"अगं ए, वय काय तुझं? आणि हे कशासाठी? चिगुसा येणारेय का?"

"नाही येत. फोन केला होता, सुट्टी बघते म्हणाली."

"मग?"

"मग काय? पाणी थांबतंय ना. आपणच थांबवलंय."

मी शिव्या देत परकर खोचला आणि उतरले. दुसरं करणार काय?

दुपारकडे ओदागिरी बांधावर आला. यंदा कुणी काय लावलंय ते लिहून घेत वाडीभर हिंडत होता. लांबूनच वाकला. जवळ येऊन पेन काढलं.

"आजी, मला एक विचारावंच लागतंय. कागदावर काय लिहू? खाचर की वावर?"

मला वाटलं, आता ही फाडून खाणार याला. वाडीभर घोकलेलं उत्तर होतं ते. मीही तोंड उघडलं होतं. पण ताई सरळ झाली, मनगटानं कपाळावरचा चिखल पुसला, तो आणखीच पसरला.

"लिही," म्हणाली, "ह्यांचं."

ह्यांचं म्हणजे कुणाचं, हे त्यानं विचारलं नाही. ताई पुन्हा वाकली आणि तिनं हातातली रोपांची मूठ जिथे लावली ती बांधाच्या अगदी कडेला, भाऊजी उकिडवे बसायचे त्या जागेसमोर.